दोन डावी दारं

माझ्या नणंदेने आयुष्यभर मोटारींच्या आतलं शिवणकाम केलं. बाहेरून गाडी कितीही चकचकीत असो, त्यांना त्याचं सोयरसुतक नसायचं. रस्त्यात एखादी जुनी गाडी उभी दिसली की दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडेला धरून त्या काचेला नाक लावायच्या आणि सीटा, दारांची आतली बाजू, छताचं कापड न्याहाळायच्या. एकदा आत एक गृहस्थ झोपले होते. ते दचकून उठून बसले, तर या म्हणाल्या, "झोपा हो तुम्ही, मी फक्त शिवण बघतेय."

वयाने त्या माझ्याहून लहान, तरी मी त्यांना वन्संच म्हणत आले. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी आमचा बाहेरच्या खोलीतला सोफा बसला होता, म्हणून कुणीतरी गाड्यांच्या सीटा करणाऱ्या एका तरुण कारागिराला पाठवलं. तो आला, सोफा उलटा केला, आणि त्यावरचे उशीचे अभ्रे हातात घेऊन विचारलं, "हे कुणी शिवलंय?" वन्संनी शिवले होते. त्याने टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दोरा जरा सैल आहे, पण हात चांगला आहे." पुढे कितीतरी वर्षं आमच्या सासूबाई सांगायच्या, "मेला सोफा करायला आला आणि पोरगी घेऊन गेला."

त्याला सगळे मास्तर म्हणत. वन्संही मास्तरच म्हणत.

इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिला लागून दोन खोल्या. माझे यजमान गेल्यावर मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांच्या कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. कातडं कापायचं मास्तरांनी, शिवायचं वन्संनी, आणि शिवलेलं हार्डबोर्डवर ओढून, चिकटवून गाडीत चढवायचं ते पुन्हा मास्तरांनी. वन्संनी कधी रापी हातात घेतली नाही. रापी म्हणजे कातडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार. "कापड चुकलं तर दुसरं आणता येतं," मास्तर म्हणायचे, "कातड्याला एकच जन्म असतो."

चुकीचं काम त्यांना सहन व्हायचं नाही. ओरडायचे मात्र कधीच नाहीत. वन्संनी शिवलेलं दाराचं पॅनेल हातात घ्यायचे, उजेडाकडे तिरपं धरायचे आणि म्हणायचे, "छान झालंय. उशी कर याची." म्हणजे गाडीत चढवायच्या लायकीचं नाही. की वन्संचं तोंड फुगायचं. मग दोघं दुपारभर न बोलता समोरासमोर बसून टाके उसवायचे.

गेल्या वर्षी एका गाडीचं छताचं कापड बसवताना मास्तर सीटवर उताणे पडले होते, तोंडात टाचण्या धरून, नेहमीसारखे. वन्सं खालून कापड ताणून धरत होत्या. एकेक टाचणी त्यांच्या ओठांतून घसरून गालावरून खाली पडायला लागली. वन्सं म्हणाल्या, "अहो, सांडताय काय?" मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळात मोठे डॉक्टर रोज यायचे, त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणायचे, "मास्तर, माझा हात दाबा. डोळे मिटा. जीभ दाखवा." मास्तर भिंतीकडे बघत राहायचे. शेवटी डॉक्टरांनी वन्संना बाहेर बोलावून सांगितलं की त्यांना आवाज ऐकू येतो, पण त्याचा अर्थ पोचत नाही. आता पोचेल असं वाटत नाही.

घरी आणल्यावर वन्संनी जे केलं ते मी रोज पाहत होते. त्यांना उचलायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, भरवायचं. घास ते गालात धरून ठेवत, गिळतच नसत. महिन्यागणिक त्यांचं अंग उतरत गेलं आणि वन्संचंही. एकदा दोघं पलंग आणि भिंतीच्या मधे पडले, आणि मी खाली येईपर्यंत तसेच पडून होते. वन्संच्या पाठीत तेव्हापासून चमक भरायची.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. पोरगी वाईट नाही, हे मी आधीच सांगते. दर पंधरा दिवसांनी धडपडत यायची, आल्यावर पदर खोचून आईच्या आधी कामाला लागायची. तिने अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था शोधून काढली होती. नाव नोंदवलं होतं, जागा रिकामी व्हायची वाट होती. मास्तरांच्या पलंगाशी उभं राहूनच मायलेकींचं हे बोलणं व्हायचं.

"आई, तू त्यांच्या आधी जाशील अशाने."

"जाऊ दे गेले तर."

"आणि मग त्यांना कोण बघणार? मी? त्यांना कळत असतं ना, तर गोष्ट वेगळी होती. त्यांना ही खोली काय आणि ती खोली काय."

"त्यांना कळतं."

"कशावरून?"

वन्सं मास्तरांची चादर सारखी करायला लागल्या.

"मला एकदा दाखव," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांना कळतंय असं एकदा मला दाखव, मी त्या जागेचं नाव पुन्हा काढणार नाही."

त्या दिवसापासून वन्संना दुसरा विषय उरला नाही. मास्तर आत आहेत, आणि ते आहेत हे दाखवायचं. नाहीतर ते जाणार.

तेव्हाच कप्तानांनी त्यांची गाडी आणली. ते जहाजावर इंजिनियर होते, कप्तान कधीच नव्हते, पण मास्तरांनी त्यांना पहिल्या भेटीत कप्तान म्हटलं आणि ते त्यांनी आनंदाने मान्य केलं. गाडी त्यांच्या वडिलांची होती, दोन दारांची, जुन्या घाटाची. सीटा मास्तरांनीच पूर्वी करून दिल्या होत्या. राहिली होती दारांच्या आतली पॅनेलं, सूर्य आला की खाली ओढायच्या दोन झडपा आणि पायाखालचा गालिचा. दारांसाठी कप्तानांकडे त्यांच्या वडिलांनी गुंडाळून जपलेलं एक कातडं होतं, गाडीच्याच मूळ कातड्यातलं, जुन्या मधाच्या रंगाचं. दोन दारांपुरतं नेमकं होतं. तसा रंग आता कुठेच मिळत नव्हता.

"मास्तर नाहीत, तर तुम्हाला जमेल का?" त्यांनी विचारलं.

"मास्तर आहेत," वन्सं म्हणाल्या. "बसून सांगतात."

मी बाजूलाच बसले होते, चमकून मान वर केली. वन्सं माझ्याकडे न बघता कातड्याची दोरी सोडत होत्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मास्तरांना चाकांच्या खुर्चीत घालून शेडमधे, कापायच्या टेबलाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी आणून बसवलं. आणि मग त्यांनी जे सुरू केलं ते मला आधी कळलंच नाही. त्या मुद्दाम चुका करत होत्या.

आधी झडपा. झडपेच्या पांढऱ्या कापडाला त्यांनी काळाकुट्ट दोरा घातला आणि शिवलेली झडप मास्तरांसमोर धरली. "अहो, बघा बरं. बरी दिसते ना?" मास्तरांची नजर झडपेवरून घसरून टेबलाच्या कडेवर गेली. वन्संनी मुकाट्याने ती उसवली. मग गालिचा. त्याची लव एका दिशेने झुकलेली असते, दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एक बाजू उजळ आणि एक काळपट दिसते. वन्संनी जुन्या गालिच्याचे दोन तुकडे उलटसुलट लव करून शेजारीशेजारी अंथरले. माझ्यासारखीच्या डोळ्यालाही ते खुपलं. पूर्वी मास्तरांनी ते पाहून जेवण सोडलं असतं. आता ते लाळ गिळायला विसरले, एवढंच झालं. वन्संनी त्यांची हनुवटी पुसली.

"वन्सं, का असं करताय?" मी विचारलं.

"रागावले तरी पुरे," त्या म्हणाल्या. "एकदा मला उशी कर म्हणाले तरी पुरे. म्हणता नाही येणार, पण नुसतं बघितलं तरी मला कळेल."

रोज त्या नवी चूक शोधून काढायच्या. टाके सैल सोडले. गोटाची शिवण उलट्या बाजूला आणली. मशिनखाली कापड सुरकुत्या पडू देऊन तसंच चालवलं. मास्तरांसमोर धरायचं, वाट बघायची, उसवायचं. मी बाजूला बसून सुटे धागे वेचायचे. एके दिवशी उसवता उसवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, पोरीचंच खरं असेल का हो? मी एका रिकाम्या माणसाला शिवण दाखवतेय का?" मास्तर हातभर अंतरावर बसले होते. मी म्हटलं, "तसं मनात आणू नका." त्या म्हणाल्या, "आता सुटले तर बरं, असंही मनात येतं. तेवढं तरी मिळावं त्यांना."

कप्तानांचं कातडं मात्र त्यांनी या खेळात ओढलं नव्हतं. ते काम खरं होतं, कापणारा कुणी दुसरा नव्हता, आणि इतकी वर्षं समोर बसून पाहिलेलं आपल्याला येईल असं त्यांनी ठरवलं होतं. दारांवरची जुनी कातडी त्यांनी काढली. उजव्या दाराची कुजून तिचा भुगा झाला होता. डाव्या दाराची शाबूत निघाली. तीच इस्त्रीने सपाट करून तिचा पुठ्ठ्याचा नमुना केला. दाराची पुढची बाजू तिरपी असते, हाताचं कोपर ठेवायची जागा एका अंगाला असते, म्हणून डावं आणि उजवं एकमेकांचं आरशातलं रूप असतं. डावं आखून झालं की पुठ्ठा उलटा करून उजवं आखायचं. ही गोष्ट वन्संना झोपेतही माहीत होती.

कापायच्या सकाळी मुलीचा फोन आला. संस्थेत जागा रिकामी झाली होती. रविवारी गाडी घेऊन येते, म्हणाली, आता हो म्हण, परत मिळणार नाही. वन्संनी फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि सरळ टेबलाशी गेल्या. "धरा वहिनी ती कड."

मी कड धरली. मास्तर पलीकडे खुर्चीत होते. वन्संनी पुठ्ठा ठेवला, आखलं. पुठ्ठा सरकवला, आखलं. पहिला तुकडा कापला, अगदी स्वच्छ. मला कौतुक वाटलं. दुसऱ्यावर त्यांनी रापी टेकवली आणि मास्तरांच्या घशातून आवाज आला.

तो आवाज आम्हाला माहीत होता, बाहेर जायचं असलं की तसं कण्हायचे.

"वन्सं, त्यांना जायचंय वाटतं."

"एवढं होऊ दे. मधे उचलली तर कड फाटेल."

आवाज वाढला. मास्तरांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. मग आणखी एक.

"आले हो," वन्सं म्हणाल्या, "आलेच." आणि रापी शेवटच्या वळणावरून फिरवून बाहेर काढली.

त्यांनी धावत जाऊन भांडं आणलं. मास्तरांनी ते हाताने उडवलं. मग तोच हात टेबलावर टाकून त्यांनी एक तुकडा ओढला. तो घसरत त्यांच्या पुढ्यात आला. दुसरा ओढला. बोटं नीट वळत नव्हती, मनगटाने, कोपराने रेटत त्यांनी एक तुकडा पालथा केला आणि दुसऱ्यावर टाकला, वरची बाजू वरच्या बाजूवर, तोंडाला तोंड. जोडीचे तुकडे त्यांनी जन्मभर असेच ताडून पाहिले होते. जोडी बरोबर असली की कडेला कड जुळते.

जुळली नाही. एकाचा तिरपा कोपरा या बाजूला, दुसऱ्याचा त्या बाजूला. वन्संनी पुठ्ठा उलटा केलाच नव्हता. दोन्ही दारं डावी कापली गेली होती.

मास्तर मान खाली घालून श्वास घेत होते, धावून आल्यासारखे.

वन्सं तिथेच फरशीवर बसल्या. "चुकलं," त्या म्हणाल्या. "मास्तर, चुकलं हो माझं." आणि हसायला लागल्या. कप्तानांच्या वडिलांचं कातडं वाया गेलं होतं आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या, मास्तरांचा गुडघा धरून. "बघितलंत ना वहिनी? तुम्ही बघितलंत ना?"

मी बघितलं होतं. मला पुढे वाटत राहिलं की वन्संचा हात त्यांना इतका ओळखीचा होता, की आधीच्या चुका खोट्या आहेत हे त्यांना पहिल्या टाक्यालाच कळलं असणार. ते खरं की खोटं कोण सांगणार.

संध्याकाळी मी म्हटलं, "पोरीला फोन करा की." वन्संनी फोन हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी मला हाताला धरून शेडमधे नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, म्हणजे ते ऐकत होते."

"हो."

"म्हणजे सगळं. पोरगी बोलली ते. मी शेजारणीला सांगितलं, की आता काय, मांसाचा गोळा आहे, ते. मी परवा म्हटलं ना तुम्हाला, सुटले तर बरं. तिथेच बसले होते." त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. "त्यांना पुसताना मी काय काय बोललेय, वहिनी. तुम्हाला ठाऊक नाही."

मी एवढंच म्हटलं की आता कळलंय, आता चांगलं बोला. त्या आत गेल्या आणि मास्तरांच्या पायाशी बसून पुष्कळ वेळ बोलत होत्या. माफी मागत होत्या. मास्तर भिंतीकडे बघत होते.

सकाळी कप्तान आले. वन्संनी काही लपवलं नाही. "दोन्ही डावी कापली. माझ्या हातून चुकलं." कप्तान स्टुलावर बसले आणि तुकड्यावरून हात फिरवत राहिले.

"मिळतंजुळतं शोधते मी," वन्सं म्हणाल्या. "फार फरक दिसणार नाही."

"मला दिसेल," ते म्हणाले. "मास्तर असते तर हे झालं नसतं."

"मास्तर आहेत."

कप्तानांनी खुर्चीकडे बघितलं, खजील झाले, आणि मास्तरांना नमस्कार केला. मास्तरांनी डोळे मिटले. डावं दार पूर्ण होईपर्यंत कप्तान थांबले आणि उजव्या दाराचा उघडा हार्डबोर्ड तसाच ठेवून गाडी घेऊन गेले. दुसरं डावं त्यांनी गुंडाळून बरोबर नेलं.

रविवारी मुलगी आली. वन्संनी तिला फोनवर सांगितलं होतं. येतानाच तिचा चेहरा असा होता की विश्वास ठेवावासा वाटतोय पण भीतीही वाटतेय. तिने मला विचारलं, "मामी, खरंच असं झालं?" मी पाहिलं ते सांगितलं, न वाढवता. तिने मान हलवली. मग तिने ते केलं जे इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणीही केलं नव्हतं. ती बापाच्या समोर गुडघे टेकून बसली, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि त्यांनाच विचारलं.

"बाबा, मी तुमच्या देखत नको ते बोलले. मला वाटलं... ते जाऊ दे. आता तुम्ही म्हणाल तसं. आईला तुम्ही इथे हवे आहात. मला भीती वाटते की तिला झेपणार नाही. तुम्हाला इथे राहायचं असेल तर माझा हात दाबा."

वन्सं पुढे वाकल्या होत्या. मास्तर मुलीकडे बघत होते, भिंतीकडे नाही. हात तसाच राहिला.

"दमलेत ते," वन्सं म्हणाल्या. "नीट विचार. सावकाश."

"बाबा, तिकडे जायचं असेल तर दाबा."

मुलीच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने आईकडे बघितलं. "आई, मला हे असं नको होतं गं."

"उलटं विचार. आधी तिकडचं विचार, मग इथलं."

मुलीने उलटं विचारलं. उत्तर तेच आलं.

वन्संनी तिला बाजूला केलं आणि स्वतः बसल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुपारी काय जेवणार विचारावं तसा. "माझ्या हाताला सांगा. मला सोडून जायचंय तुम्हाला?"

मास्तरांनी दाबला. मला समोरून दिसलं, वन्संची बोटं एकमेकांवर चढली इतका जोर होता त्या हातात. ज्या हाताने डॉक्टरांना कधी उत्तर दिलं नाही, तोच हात.

मुलगी संस्थेला फोन करायला बाहेर गेली. मी उठायला हवं होतं, उठले नाही. वन्सं तशाच बसल्या होत्या, त्यांचा हात धरून. आता त्यांना काहीही विचारता येत होतं. हो असेल तर दाबा, नसेल तर नका दाबू.

"माझे हाल होतात म्हणून का?" त्यांनी विचारलं. हात स्वस्थ राहिला. "मी बोलले त्यामुळे का?" हात स्वस्थ. "मग का?" वन्सं म्हणाल्या. "का हो?"

त्या प्रश्नाला हात दाबून उत्तर देता येत नाही. त्या तरीही तोच प्रश्न विचारत राहिल्या, बाहेर मुलीचं फोनवरचं बोलणं संपून ती दारात येऊन उभी राहिली तरी.